एक्केचाळीस नंबरचं कोडं

सकाळी पलंगावरून उतरताना ताई आधी भिंतीला हात लावायची आणि मगच पाय टेकायची. पहिली सात-आठ पावलं चवड्यावर, टाच अधांतरी. दात घासून होईपर्यंत कळ जरा उतरायची, दुपारी विसरायलाही व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा हजर. मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले तेव्हा हे पाहिलं. तिने आपण होऊन काही सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "अगं, सहा महिने झाले. आता सवय झाली."

ताई ४६ वर्षांची आहे. ग्रंथालयात काम करते. दिवसातले पाच-सहा तास उभं राहणं किंवा कपाटांमधून फिरणं, आणि खाली सगळीकडे टणक फरशी. वाचक येतात, पाहुणे येतात, कार्यक्रम असतात, त्यामुळे नीटनेटकं राहणं तिच्या कामाचाच भाग आहे. त्याहीपेक्षा तो तिच्या स्वभावाचा भाग आहे. रंगांची तिला उत्तम जाण आहे. लहानपणी मी कपडे तिला विचारूनच घालायचे.

डॉक्टरांना ती भेटून आली होती. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट, जाड पट्टी असते, प्लांटर फॅशिया. तिचं टाचेकडचं टोक दुखावलं होतं. मधुमेह नाही, बधिरपणा नाही, सूज नाही, हाडाला काही इजा नाही, हे डॉक्टरांनी तपासून घेतलं होतं. (यातलं काही असेल, रात्री झोपेतही टाच ठणकत असेल किंवा चालताना अचानक काही तुटल्यासारखं वाटलं असेल, तर बुटांचा विचार नंतर. आधी डॉक्टर.) त्यांनी व्यायाम दिले आणि निघताना सांगितलं, "चांगला आधार देणारे बूट घाला."

हे सगळं प्रकरण त्या एका वाक्याचं आहे. चांगला आधार म्हणजे नेमकं काय, तो बुटात कुठे असतो आणि हातात घेऊन कसा ओळखायचा, हे तिला कुणी सांगितलं नाही. दुकानात तिने तेच वाक्य सांगितलं. समोर आला एक काळा, जाडजूड, पुढून बोथट जोड. तिने तो घेतला, एक दिवस घातला आणि कपाटात ठेवून दिला. "हे घालून मी लोकांसमोर उभी राहणार नाही," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण अशा वेळी लोक पटकन म्हणतात, 'तब्येत महत्त्वाची की दिसणं?' मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जो बूट पायात जाणार नाही तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी त्याचा उपयोग शून्य. ताईला तो रोज सकाळी आपणहून घालावासा वाटला पाहिजे, ही अट मी पहिल्या दिवशीच मान्य केली. लाड म्हणून नव्हे. उपचार टिकावा म्हणून.

कपाटातले सात जोड

एका संध्याकाळी आम्ही तिचे सगळे बूट बाहेर काढून ओळीने मांडले. सात जोड निघाले. चार बॅलेरिना प्रकारचे, सपाट, पातळ तळाचे, वरून उघडे आणि पुढून गोल. एक लोफर. एक मी तिला वाढदिवसाला दिलेला, मेमरी फोमचा, गादीसारखा मऊ, नुसता पाय सरकवायचा बूट. आणि एक खास प्रसंगांसाठी जपून ठेवलेला राखाडी जोड, मूळ खोक्यातच.

तो राखाडी जोड उचलला तर सोलचे तुकडे हातात आले. ताईला फार वाईट वाटलं. पाच-सहा वेळासुद्धा घातला नव्हता. पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या सोलचं असंच होतं. हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू तुटत जातो आणि बंद खोक्यात पडून राहिला म्हणून वाचत नाही. जपून ठेवल्याने बूट टिकतो हा समज निदान अशा सोलच्या बाबतीत खोटा आहे. वापरात असलेला बरा.

उरलेल्या सहा जोडांनी मात्र बरंच काही सांगितलं. वापरलेला बूट साक्षीदार असतो. आम्ही इनसोल, म्हणजे आतले तळ, जिथे निघत होते तिथे काढले आणि उजेडात धरले. अंगठ्याचा काळपट ठसा बुटाच्या टोकापासून जवळजवळ तीन बोटं मागे. बोटांचे ठसे खोल, ओरखडल्यासारखे, जणू बोटांनी तळ पकडून ठेवला होता. टाचेच्या आतलं अस्तर दोन जोडांत फाटलेलं, एकात गुळगुळीत झालेलं. याचा अर्थ टाच दिवसभर वर-खाली घासत होती. आणि पावलाच्या वर, जिथे बूट वाकतो तिथली सुरकुती चवड्याच्या रेषेवर नव्हती, तिच्या पुढे, बोटांवर होती.

ताईच्या दोन्ही करंगळ्यांवर कुरुपं होती. म्हणजे बूट तिथे दाबत होता. पण टाच तर निसटत होती, बोटांपुढे मोकळी जागाही भरपूर होती. एकच बूट एकाच वेळी घट्ट आणि सैल कसा?

सगळ्या जोडांच्या तळावर एकच आकडा होता. ४१.

ओल्या पावलाची गोष्ट, थोडक्यात

मापाकडे वळायच्या आधी आम्ही एक आडवळण घेतलं, तेही सांगते. एका विक्रेत्याने ताईला ओलं पाऊल कागदावर उमटवायला लावलं होतं. ठसा पाहून तो म्हणाला, तुमचे पाय सपाट आहेत, तुम्हाला अमुकच प्रकारचा बूट लागेल. ही कसोटी सगळीकडे चालते आणि ऐकायला पटतेही. पण अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये नव्या भरतीवर तिची रीतसर परीक्षा झाली. काहींना पावलाच्या ठशावरून ठरवलेले बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. २००९ आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता. ते धावण्याचे बूट होते आणि तरुण सैनिक होते, ग्रंथालयातली ताई नव्हे, हे खरं. तरीही ओल्या ठशावरून बूट ठरवायचा नाही, एवढं आमचं पक्कं झालं.

कागद, पेन्सिल आणि एक्केचाळीस

पाऊल मापायला संध्याकाळची वेळ घेतली, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. टणक फरशीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखं वजन. बसून मापलं तर पाऊल आखूड आणि अरुंद येतं. अंगाचा भार पडला की ते पसरतं. पेन्सिल सरळ उभी धरून मी कडेने फिरवली. तिला वाकून हे स्वतः करता येत नाही, वाकलं की भार बदलतो, म्हणून दुसरं माणूस हवंच.

डावं पाऊल २४१ मिलिमीटर. उजवं २४६. पाच मिलिमीटरचा फरक ऐकून ताई चपापली, पण दोन पावलं सारखी नसणं अगदी नेहमीचं आहे. बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाचा घ्यायचा.

आता त्या ४१ कडे येऊ. युरोपीय नंबर पॅरिस पॉइंटमध्ये मोजतात. एक पॉइंट म्हणजे सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश, सुमारे ६.६७ मिलिमीटर. (ब्रिटिश नंबर मोजतात जवाच्या दाण्यात, एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिलिमीटर. म्हणूनच या दोन पद्धतींची कोष्टकं कधीच तंतोतंत जुळत नाहीत.) महत्त्वाची गोष्ट अशी की हा नंबर पावलाची लांबी सांगत नाही. ज्या साच्यावर ओढून बूट शिवतात त्या कालबुताची लांबी सांगतो. ४१ म्हणजे सुमारे २७३ मिलिमीटर. ताईचं मोठं पाऊल २४६. म्हणजे पुढे २७ मिलिमीटर रिकामे, डाव्या पायात ३२. चालताना पाऊल पुढे सरकतं, त्यासाठी सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जागा पुरते. तो हिशेब केला तर तिचा नंबर निघत होता ३९, कालबूत २६० मिलिमीटर.

ताईचा विश्वास बसेना. "३९ मला कधीच होत नाही. पुढून आवळतो."

बरोबर होतं तिचं. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप फिरवली तेव्हा कारण कळलं. तिचा चवडा रुंद आहे आणि टाच बारीक. साधारण रुंदीचा ३९ तिला चवड्यावर आवळायचा, मग विक्रेता ४० आणायचा, मग ४१. नंबर वाढला की बूट फक्त लांब होत नाही, दर नंबरामागे चवड्याचा घेरही साधारण ५ मिलिमीटरने वाढतो. दोन नंबर चढून तिला एक सेंटिमीटर घेर मिळाला होता. त्याची किंमत म्हणून लांबी वाढली, टाचेची वाटीही रुंद झाली आणि टाच निसटू लागली. शिवाय घेर पुरेसा मिळालाच नव्हता, नाहीतर करंगळ्यांवर कुरुपं कशाला येतील!

याहून मोठी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पाऊल आणि बूट दोन्ही एकाच ठिकाणी वाकायला हवेत, चवड्याच्या रेषेवर. ती रेषा टाचेपासून पावलाच्या लांबीच्या सुमारे ७० टक्क्यांवर असते. बूट दोन नंबर मोठा घेतला की त्याची वाकण्याची जागा जवळपास एक सेंटिमीटर पुढे सरकते. बुटाचा रुंद भाग पायाच्या रुंद भागापुढे, आणि बुटाची कमान पायाच्या कमानीपुढे. ताईच्या बुटांवरची ती पुढे गेलेली सुरकुती म्हणजे हेच. तिच्या चारही बॅलेरिनांत चवडा बसत होता तो बुटाच्या अरुंद भागात.

चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२०च्या दशकात पाय मापायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यावर म्हणूनच तीन मापं आहेत. टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, आणि रुंदी. शंभर वर्षं होत आली तरी बहुतेकांना आपलं पहिलं मापच तेवढं माहीत असतं, तेही विशीतलं. २०१८ मध्ये याविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ६३ ते ७२ टक्के लोकांचे बूट लांबीला किंवा रुंदीला त्यांच्या पावलांशी जुळत नव्हते. ताई एकटी नव्हती. हे तिला सांगितल्यावर ती जरा सैलावली, कारण इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपले पायच वेडेवाकडे आहेत.

आधार नेमका कुठे असतो

इथे मला माझी चूक मांडावी लागेल. मेमरी फोमचा तो जोड मी दिला होता, 'आरामदायक' म्हणून. दुकानात पाय घालताच ताई हसली होती. इतकं मऊ तिला कधीच मिळालं नव्हतं. पण पंधरा दिवसांत फोम टाचेखाली दबून पापडासारखा झाला. शिवाय बुटाला मागे काही घट्टपणाच नव्हता. चालणाऱ्या ताईकडे मागून पाहिलं तर टाच दर पावलाला एका बाजूला कलायची. दुखणं त्याच महिन्यात वाढलं होतं. मऊपणा म्हणजे आधार नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं.

आधार म्हणतात तो बुटात तीन जागी असतो. पहिली जागा टाचेची वाटी. मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीने दोन्हीकडून दाबून पाहायचं. सहज चेपली तर ती टाचेला धरणार नाही. दुसरी जागा मधला भाग. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवला तर तो चवड्याजवळ वाकला पाहिजे. पुठ्ठ्यासारखा मधोमध दुमडला तर कमानीखाली काहीच नाही असं समजायचं. चांगल्या बुटात तिथे तळाच्या थरांमध्ये एक पट्टी घातलेली असते, पोलादाची किंवा कडक प्लास्टिकची, तिला शँक म्हणतात. ओल्या कपड्यासारखा पीळ दिला तरी बूट थोडाच वळला पाहिजे. तिसरी जागा पावलाच्या वर, जिथे नाडी किंवा पट्टा येतो. याकडे फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते ताईच्या बाबतीत हीच जागा सर्वांत मोलाची ठरली.

असं का, ते बॅलेरिनावरून कळतं. त्या बुटाला वर धरायला काहीच नाही. मग तो पायात टिकतो कशाने? एक तर पुढून बोटं आवळून, नाहीतर मागून टाच आवळून. दोन्ही सैल असतील तर तो टिकवायचं काम बोटं करतात, वाकून, तळ पकडून. इनसोलवरचे ते खोल ओरखडे दिवसाच्या हजारो पावलांचे होते. वर पट्टा किंवा नाडी असली की बूट पावलाला धरतो. मग पुढे बोटांना मोकळी जागा देता येते आणि टाचही जागेवर राहते.

तळव्याखालच्या त्या पट्टीबद्दल, प्लांटर फॅशियाबद्दल, अजून एक. १९५४ मध्ये जे. एच. हिक्स या संशोधकांनी दाखवलं की चालताना अंगठा वर वाकला की प्लांटर फॅशिया चवड्याच्या हाडाभोवती गुंडाळली जाते, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तशी, आणि त्या ताणाने पावलाची कमान वर उचलली जाऊन पाऊल ताठ होतं. दर पावलाला हा दोर ताणला जातो. तो टाचेच्या टोकाला दुखावलेला असेल तर अगदी सपाट, पातळ, कुठेही दुमडणारा बूट त्याला जराही विसावा देत नाही. म्हणून ताईने उंचीही ठरवून घेतली. टाचेखाली दोन-अडीच सेंटिमीटर. त्याहून फार उंच गेलं की अंगाचा भार चवड्यावर जातो, आणि तिचा रुंद चवडा आधीच त्रासलेला.

तेवीस जोड, चार संध्याकाळी

मी जाड पुठ्ठ्यावर ताईच्या उजव्या पावलाची आकृती उतरवून कापली. सबंध शोधात सर्वांत उपयोगी पडली ती ही गोष्ट. बुटाचा इनसोल बाहेर काढायचा आणि त्यावर पुठ्ठा ठेवायचा. पुठ्ठा कडेने बाहेर डोकावला तर तो बूट पायात घालायचीही गरज नाही. इनसोल निघत नसेल तर पुठ्ठाच आत सरकवायचा. कडा वर वळल्या की संपलं.

ताईने वहीत नोंद ठेवली. एकूण २३ जोड. त्यातले ११ पुठ्ठ्यानेच बाद केले. यात तिला सर्वांत आवडलेले दोन होते आणि ते परत ठेवताना ती गप्प झाली. ५ जोडांत टाच निसटली. ३ मधोमध दुमडले. २ सगळ्या कसोट्यांना उतरले आणि ताईला आवडले नाहीत. ते मी आग्रहाने घ्यायला लावले नाहीत. राहिले दोन.

"घाला, चामडं सैल होईल," हे वाक्य या चार संध्याकाळी आम्ही किती वेळा ऐकलं! चामडं रुंदीला थोडं पसरतं, हे खरं. लांबीला पसरत नाही, आणि कडक टोकाच्या आत तर नाहीच. आज दुकानात लागणारा बूट उद्या कामावर लागणारच. आणि दुकानातल्या गालिच्यावर चालून काही कळत नाही, कुठलाही बूट तिथे बरा वाटतो. ताई प्रत्येक वेळी गालिचा सोडून फरशीवर जायची.

२०१५ मध्ये शरीराच्या हालचालींचे अभ्यासक बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावण्याच्या बुटांबद्दल एक विचार मांडला. माणूस आपल्याला सुखकर वाटणारा बूट निवडतो तेव्हा त्याचं शरीर स्वतःच एक गाळणी लावत असतं, आणि त्याने दुखापतीचा धोका कमी होत असावा. मला हा विचार आवडतो, पण ताईला मेमरी फोमही सुखकरच वाटला होता. म्हणून आम्ही दहा मिनिटांच्या सुखावर भरवसा ठेवला नाही. निवडलेले दोन्ही जोड परत करण्याच्या बोलीवर घरी आणले आणि तीन दिवस फक्त घरात, स्वच्छ फरशीवर, रोज दोन-दोन तास घातले. दुसऱ्या दिवशी एकाचा दोष कळला. उजव्या करंगळीवर दाब येत होता. तो दोष दुरुस्त होण्याजोगा होता, त्याबद्दल पुढे.

डोळ्याला काय दिसतं

रूपाच्या बाबतीत ताईने जे पाहिलं ते मला स्वतःहून कधी दिसलं नसतं. दुकानात ती बूट हातात न घेता आधी चार हात दूर ठेवून बघायची. म्हणाली, "बूट जड दिसतो तो जाडीने नाही, जाडीची रेघ दिसते म्हणून." तिचं म्हणणं होतं की काळ्या बुटाला पांढरा सोल लावला की नजर थेट सोलवर जाते. तोच सोल बुटाच्याच रंगाचा असला की दोन सेंटिमीटरची जाडी विरघळून जाते. खरंच तसं होतं. आम्ही एकाच प्रकारचे दोन रंगांतले जोड शेजारी ठेवून पाहिले.

मग टोक. निमुळतं टोक पायाला वाईट, हे सरसकट खरं नाही. निमुळतेपणा बोटांच्या वरच सुरू होत असेल तर तो अंगठा आत ढकलतो. बोटं संपल्यावर, पुढच्या रिकाम्या जागेत सुरू होत असेल तर बोटांना पत्ताही लागत नाही. पुठ्ठा दोन्हींतला फरक लगेच दाखवतो. ताईला बदामाच्या आकाराचं टोक हवं होतं आणि तिला ते मिळालं, रुंद फिटिंगच्या ३९ मध्ये. अशा टोकाच्या बुटाचं कालबूत मुळातच थोडं लांब असतं, म्हणून तिथे आकड्यापेक्षा पुठ्ठ्याचं ऐकायचं.

पहिला जोड गडद वाइन रंगाचा, चामड्याचा, नाडीचा डर्बी. डर्बीत नाडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या असतात, त्यामुळे बूट चांगला उघडतो आणि पावलाची उंची जास्त असली तरी सामावतो. ऑक्सफर्ड प्रकारच्या बुटात त्या खालून शिवलेल्या असतात. तो अधिक रेखीव दिसतो, पण ताईच्या पावलावर नाडीची फट मिटतच नव्हती. दुसरा जोड मेरी जेन, दोन पट्ट्यांचा, निळसर राखाडी, मऊ स्वेडचा, म्हणजे लवदार चामड्याचा. त्याचा वरचा पट्टा थेट पावलाच्या उंच भागावर येतो. दिसायला दागिन्यासारखा, आणि बूट पायाला धरून ठेवायचं सगळं काम तोच करतो. माझ्या मते सुंदर बूट याला म्हणावं.

त्यानंतरचे आठ महिने

दोन छोट्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. डर्बीत उजव्या करंगळीपाशी बूट दुरुस्त करणाऱ्यांनी तेवढाच ठिपका ताणून दिला, एका रात्रीत. डावं पाऊल पाच मिलिमीटरने लहान, म्हणून डाव्या बुटाच्या जिभेखाली फेल्टचा पातळ तुकडा चिकटवला. त्याने पाऊल मागे रेटलं जातं आणि टाच वाटीत बसते. टाचेमागे गादी चिकटवण्यापेक्षा हा उपाय चांगला, कारण ती गादी पावलाला उलट पुढे ढकलते. आणि दोन्ही जोड ती आलटून पालटून घालते. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही.

सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं ती शून्य ते दहा या मापाने वहीत लिहायची. सुरुवातीला सहा-सात. तीन आठवड्यांनी पाच. पाचव्या आठवड्यात ग्रंथालयाचा मोठा कार्यक्रम होता, तिथे ती जुन्या बॅलेरिना घालून गेली, दिवसभर उभी राहिली आणि पुढचे चार दिवस पुन्हा सातवर. त्या रात्री तिने स्वतःच चारही जोड पिशवीत भरले. तीन महिन्यांनी आकडा दोनवर आला. आठ महिन्यांनी बहुतेक सकाळी शून्य, फार उभं राहिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक किंवा दोन.

हे सगळं बुटांचं श्रेय आहे असं मी म्हणणार नाही. ताई व्यायामही करत होती. उठायच्या आधी पलंगावरच पायाची बोटं हाताने वर ओढून दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. एक दिवसाआड पायरीवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश वर-खाली. २०१४ च्या एका अभ्यासात या दुसऱ्या व्यायामाने तीन महिन्यांत निव्वळ ताण देण्यापेक्षा अधिक फायदा झालेला दिसला होता. त्यातलं किती व्यायामाने आणि किती बुटांनी, हे एका माणसाच्या प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही. पण पाचव्या आठवड्यातले ते चार दिवस मात्र वहीत आहेत. व्यायाम तेव्हाही चालू होता. बदलले होते बूट, आणि त्या दिवशी उभं राहणंही जास्त झालं होतं.

मागच्या महिन्यात आम्ही डर्बीचा इनसोल काढून उजेडात धरला. अंगठ्याचा ठसा टोकापासून बोटभर मागे. पाचही बोटांचे ठसे फिकट, गोल, ओरखडा एकही नाही. करंगळ्यांवरची कुरुपं मऊ पडून जवळजवळ गेली आहेत.

सोल मात्र झिजत आला आहे, आणि तोच बूट मागवायला गेलो तर बनवणाऱ्यांनी तो बंद केलेला. मी हळहळले. ताईने काही न बोलता पर्स उघडली. पुठ्ठ्याचं पाऊल तिच्याजवळच होतं, कडा आता जराशा दुमडलेल्या. समोरच्या फळीवर एक हिरवा जोड होता, बदामी टोकाचा. आधी ती चार पावलं मागे सरली, डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग पुढे येऊन त्याचा इनसोल बाहेर काढला.